धोंड्याच्या महिन्यातलं कढण

पांढऱ्या घेवड्याचं कढण करायला अर्धा तास पुरतो. घेवडा आदल्या दिवशी भिजवलेला हवा आणि पाणी आडाचं हवं. एवढं असलं की पुढं काही कठीण नाही. मी ते इतक्या वेळा केलंय की डोळे बांधले तरी करीन. फसलं ते एकदाच, आणि नेमकं त्याच दिवशी, ज्या दिवशी मला माझी चूल राखायची होती.

आमचं घर एका रांगेत आहे. डावीकडच्या दोन खोल्या थोरल्या मुलाच्या, उजवीकडच्या दोन धाकट्याच्या, मधली एक माझी. वर पत्रे, पुढं अंगण, अंगणात लिंबोणीचं झाड आणि पाणी तापवायची चूल. मालक, म्हणजे मुलांचे वडील, वारल्यापासून मी मधल्या खोलीत राहते आणि माझं मी शिजवते. दोन्ही मुलं वाईट नाहीत. त्यांच्या बायकाही वाईट नाहीत. पण मला माझ्या हातचं लागतं आणि मला भूक लागेल तेव्हा लागतं.

यंदा संक्रांतीच्या सुमारास मी गॅसवर डाळ ठेवली आणि चार लिंबं तोडायला बाहेर आले. शेजारीण आली. तिच्या सुनेबद्दल सांगत बसली. मी ऐकत बसले. ऐकण्यासारखं होतं. तेवढ्यात धाकटा पळत आला, माझ्या खोलीत शिरला आणि गॅस बंद करून काळं ठिक्कर पडलेलं पातेलं घेऊन बाहेर आला. खोलीत धूर भरला होता. दुसरं काही जळलं नाही. पातेलं मी दोन दिवस राखेनं घासलं, तरी त्याचं बूड काही उजळलं नाही.

मुलांना मात्र निमित्त मिळालं. आईला आता विसर पडतो, आई एखाद्या दिवशी घर पेटवील, असं आधी हळू आणि मग माझ्या तोंडावर बोलणं सुरू झालं. पंधरा दिवसांत दोघांनी ठरवून टाकलं. पाडव्यापासून आईनं बारीनं जेवायचं. एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. कोण आधी, त्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या. माझा गॅस काढायचा. मधल्या खोलीत थोरला पेंडीची पोती ठेवणार होता, धाकटा मोटारसायकल. मला झोपायला जागा राहणार होतीच, असं दोघंही म्हणाले.

आमच्या भागात हे नवं नाही. भाऊ वेगळे झाले की रान वाटून घेतात, भांडी वाटून घेतात आणि मग म्हातारं माणूस उरतं. त्याचे महिने पाडतात. अमावास्या आली की म्हातारीनं आपली वाकळ, म्हणजे गोधडी, ताट आणि तांब्या उचलायचा आणि दुसऱ्या दारात जायचं. गावात सगळे म्हणतात, पोरं चांगली हायेत, बारीनं सांभाळतेत. मीही असं म्हणत आले. कारण मी स्वतः सासू बारीनं सांभाळलेली आहे.

ते सांगायलाच हवं. मी तेव्हा तिशीच्या आत होते. माझे मालक थोरले, त्यांना एक भाऊ. दोघं वेगळे झाले आणि सासूचे महिने पडले. एक माझा, एक जावेचा. मी सासूला उपाशी ठेवलं नाही. पण माझा महिना लागला की मी अमावास्या कधी आहे ते बघायची, आणि त्या दिवशी सकाळीच तिची वाकळ घडी घालून उंबऱ्यावर ठेवायची. तिला सांगावं लागायचं नाही.

दर तीन वर्षांनी एक महिना जादा येतो. त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या वर्षी तो वैशाखानंतर आला. चैत्र माझा होता, वैशाख जावेचा. अमावास्येला जावेनं सासूची वाकळ माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली. मी ती उचलून परत तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

"बारी तुमची हाय," जाऊ म्हणाली.

"माझा ज्येष्ठ. हा धोंडा हाय. धोंडा कुणाच्या वाटणीत लिहिला नव्हता."

"मग म्या का घेऊ? माझं तीस दिवस झालं."

"मग म्या तरी का घेऊ?"

आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून भांडत होतो. सासू मधे उभी होती, हातात तांब्या. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जावेकडं. मग वाकळ उचलली, काखेत मारली आणि गोठ्यात गेली. तिथं चुलीसाठी तीन दगड मांडले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांबरोबर माहेरी गेले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवतात, हा मान असतो. माझ्या आईनं मालकांना पाटावर बसवलं, नवे कपडे केले आणि धोंडे वाढले. कणकेत पुरण भरून उकडलेले गोळे, वर तूप. तूप ताटात वाहत होतं. मालकांनी सात धोंडे खाल्ले. घरी त्यांची आई गोठ्यात काय खात असेल, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

आठ दिवसांनी परत आलो. मी गोठ्यात शेण काढायला गेले, तर सासू तीन दगडांसमोर बसलेली. मडक्यात पांढरं काहीतरी रटरटत होतं. तिनं बांधावरचा घेवडा आणून भिजवून शिजवला होता, डावानं घोटला होता. लसूण आणि हिरवी मिरची ठेचून करडईच्या तेलात परतली होती. मूठभर शेपू, थोडी कोथिंबीर. लिंबोणीची दोन कोवळी पानं फाडून टाकली होती. मग मडकं दगडांवरून खाली उतरवलं, आणि त्यानंतर लिंबू पिळलं. आचेवर पिळलं तर कडू होतं, हे मला तिनं त्याच दिवशी सांगितलं. सांगितलं ते एवढंच.

वाटी भरून तिनं माझ्यापुढं धरली.

"घे. ह्याच्यात दूध न्हाय, तूप न्हाय. तुझ्या म्हशीचं काय न्हाय, तिच्या म्हशीचं काय न्हाय. भिऊ नको."

मी घेतली. उभ्या उभ्या प्याले. चांगलं झालं होतं. मी माफी मागितली नाही, आणि तिनंही मागू दिली नसती. ज्येष्ठ लागला तेव्हा मी तिला बोलवायला गेले. ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदा मी गेले नाही. त्यानंतर तीन वर्षं ती गोठ्यात राहिली, स्वतःचं शिजवून खाल्लं आणि तिथंच गेली.

हे माझ्या मुलांना माहीत नव्हतं. थोरला तेव्हा रांगत होता.

पाडव्याच्या आधी मुलांनी चुलत्याला बोलावलं, म्हणजे माझ्या दिराला. घरात आता तेच मोठे. भूम गावी लेकाकडं राहतात. ते सकाळच्या एसटीनं आले. जाऊ वारून बरीच वर्षं झाली. दीरही आता काठी घेऊन चालतात. लिंबोणीखाली बाज टाकली होती, तिच्यावर बसले. मुलं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. थोरल्या सुनेनं चहा दिला. धाकटी शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जाते, ती घरी नव्हती.

थोरल्यानं सुरुवात केली. "काका, आईचं आता वय झालं. परवा घर पेटलं असतं."

"पातेलं पेटलं," मी म्हणाले.

"आई, तू गप बस जरा. काका, आमी बारी लावलीय. दोघांकडं सारखी. कुणावर भार न्हाय."

"मी पोतं हाय का? भार म्हनं."

दीर हसले. थोरल्याला ते आवडलं नाही.

थोरली सून दारात उभी होती. ती मला आत्या म्हणते. ती म्हणाली, "आत्या, तुमच्याच भल्यासाठी हाय. एकट्या काय खाता तुम्ही? तुमच्याकडं दूध न्हाय, तूप न्हाय, ताक न्हाय. आमच्यात आलात तर दोन येळा दूध मिळंल."

म्हैस मी मालक वारल्यावर विकली. तेव्हापासून मी दूध पीत नाही. मागावं लागतं म्हणून पीत नाही. मग सवय मोडली आणि आता नकोच वाटतं. हे मी सुनेला पूर्वी सांगितलंय, पण तिला ते रुसणं वाटतं.

दीर म्हणाले, "वहिनी, तुमचं काय म्हणणं हाय?"

"माझं म्हणणं तुम्ही जेवून मग ऐका. तुमची एसटी एक वाजता. माझ्या चुलीवरचं जेवा. मला जमतं का न्हाय ते बघा, आणि मग ह्या दोघांना काय सांगायचं ते सांगा."

"हे बरं हाय," दीर म्हणाले. "भूकबी लागलीय."

घेवडा मी आदल्या संध्याकाळी भिजवला होता. सकाळी चांगला फुगला होता, टपोरा दिसत होता. कुकरात घातला, गॅस लावला, दोन भाकरी थापल्या. चार शिट्ट्या झाल्या. मी लसूण सोलला, शेपू निवडला, लिंबोणीची पानं तोडून आणली. सगळं वेळेवर चाललं होतं. मला आतून बरं वाटत होतं. आता बघा म्हटलं.

कुकर उघडला. एक दाणा घेऊन दाबला. दबला नाही. दुसरा दाबला. वरून मऊ आणि आत खडा. आणखी दोन शिट्ट्या काढल्या. तेच.

तेव्हा मला कळलं. माझ्याकडं दोन हंडे आहेत. एकात आडाचं पाणी, ते मी कळशीनं आणते, प्यायला आणि डाळीला. दुसऱ्यात बोअरचं, ते भांड्याला आणि हातपाय धुवायला. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, त्यात डाळ शिजत नाही. इथल्या लहान पोरीलाही हे ठाऊक असतं. पाहुणे येणार म्हणून मी आदल्या दिवशी हंडे घासले होते आणि परत ठेवताना जागा बदलल्या होत्या. घेवडा भिजवला बोअरच्या पाण्यात, कुकरात घातला तोही बोअरच्या पाण्यात. दुसऱ्या कुणी केलं नाही. माझ्या हातानं झालं.

थोरली सून मागं येऊन उभी राहिली होती. "शिजलं न्हाय व्हय, आत्या?" तिनं हे अंगणात ऐकू जाईल असं विचारलं.

थोरला लगेच म्हणाला, "बघा काका. हेच सांगतोय आमी. तिच्या ध्यानातच राहत न्हाय."

मी बाहेर आले. "शिजलं न्हाय. पाणी बोअरचं पडलं, माझ्या हातून पडलं. तुझ्या बायकोच्या कुकरात तूर कधी खडखडली न्हाय का? मागच्या आखाडात मटकीचं काय झालं, सांगू का काकांना?"

"मटकीचं काय झालं?" दिरांनी विचारलं.

"काय न्हाय," सून म्हणाली आणि आत गेली.

धाकटा उठला. "आई, राहू दे. मी खाली हॉटेलातून काहीतरी आणतो. काकांची एसटी चुकंल."

"बस खाली. कुणी काय आणायचं न्हाय."

मी घेवडा चाळणीत ओतला, खारं पाणी टाकून दिलं. पाटा उभा होता तो आडवा केला. पाटा जड आहे, धाकटा हात लावायला आला तर मी त्याला बाजूला सारलं. आणि वाटायला बसले. अर्धा शिजलेला घेवडा वाटायला वेळ लागतो, खडा वरवंट्याखाली निसटतो. मी त्याला निसटू दिला नाही. मूठ मूठ घेत वाटला. खांदे भरून आले. घाम डोळ्यांत गेला. मला वाटलं होतं की आता हरले. पण हात चालू होता आणि पाट्यावर पांढरंशुभ्र, लोण्यासारखं गोळा होत होतं. तेव्हा लक्षात आलं की कढणाला दाणा अख्खा लागतोच कशाला? सासूही घोटूनच करायची.

त्यात आडाचं पाणी घातलं. बरोबर हंड्यातलं, बोट बुडवून चाखून घातलं. गॅसवर ठेवून चांगलं रटरटू दिलं, कच्चेपणा पूर्ण जाईपर्यंत. फोडणीच्या कढल्यात करडईचं तेल, जिरं, लसूण-मिरचीचा ठेचा. मग शेपू. शेपू पडला की वास बदलतो, अंगणापर्यंत जातो. लिंबोणीची पानं फाडून टाकली, मीठ घातलं. पातेलं खाली उतरवलं. मगच लिंबू पिळलं आणि कोथिंबीर घातली.

दिरांना वाटी दिली, भाकरी दिली. मुलांनाही दिली. सून आत होती, तिची वाटी दारात नेऊन ठेवली.

दिरांनी एक घोट घेतला. "वहिनी, दूध घातलं का?"

"थेंबभर न्हाय."

"मग एवढं पांढरं?"

"घेवडा वाटला की होतं."

त्यांनी दुसरा घोट घेतला आणि थांबले. वाटी हातातच होती. ते माझ्याकडं बघत नव्हते, लिंबोणीकडं बघत होते. मी तेवढ्यात विचारलं.

"आता एक सांगा, भावजी. यंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना येतोय. ह्यांनी बारी लावलीय. मग धोंडा कुणाकडं?"

"म्हंजे?" थोरला म्हणाला.

"चैत्र एकाचा, वैशाख एकाचा. ज्येष्ठाआधी जादाचा महिना आला तर मी कुठं जेवायचं?"

थोरला म्हणाला, "तो धाकट्याकडं."

"माझ्याकडं का?" धाकट्यानं भाकरी ताटात ठेवली. "चिठ्ठी निघायची हाय अजून. ज्याचा ज्येष्ठ त्याचा धोंडा."

"असं कुठं असतंय? मग एकाला दोन महिने सलग झाले."

"मग तू घे की दोन."

आतून सून म्हणाली, "यंदा आमचा जावई यायचाय धोंड्याला, पहिलाच धोंडा हाय त्याचा. घरात गर्दी असंल. नाहीतर अर्धा-अर्धा करा. पंधरा दिवस इकडं, पंधरा तिकडं."

"आणि पुनवेला मी वाकळ काखेत मारून मधे उभी राहू?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. माझ्या आणि जावेच्या तोंडावर तेच होतं.

दिरांनी वाटी तोंडाला लावून सगळं संपवलं. बोटानं पुसून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, आईनं तवा तुम्हाला वाटी दिली होती ना?"

"दिली होती."

"मलाबी दिली होती. म्या घेतली न्हाय. म्हणलं बायको बघंल." त्यांनी वाटी खाली ठेवली. "तुमी घेतली. म्या न्हाय घेतली."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांची रिकामी वाटी उचलली. त्यांना बरं वाटावं असं माझ्याकडं काही नव्हतं.

"काका, कसली वाटी?" धाकट्यानं विचारलं.

"ते तुझ्या आईला विचार. आज न्हाय, नंतर." दिरांनी काठी हातात घेतली. "चिठ्ठ्या लिहिल्यात का?"

थोरल्यानं खिशातून काढल्या. दोन घड्या घातलेले कागद.

"फाडा. म्हातारी शिजवतीय तवर तिची चूल काढायची न्हाय. आणि तिला न्हाय जमलं तर तिनं तोंडानं सांगायचं, तुमी दोघांनी सांगायचं न्हाय."

"पण काका, गॅसचं काय? परत राहिला चालू तर?"

हा प्रश्न थोरल्यानं विचारला आणि तो खोटा नव्हता. मी विसरते. पातेलं विसरले, हंडे विसरले. नाही कशाला म्हणू?

मी म्हणाले, "गॅस घेऊन जा. आजच जा घेऊन. मला अंगणातली चूल बास झाली. चूल विसरलं तर विझती. तिला सारखं सरपण घालावं लागतं, म्हंजे मला तिच्याजवळ बसावं लागतंय. पेटवली तर घर पेटत न्हाय, धुरानं माझे डोळे तेवढे पेटतात."

दीर उठले. धाकट्यानं त्यांना मोटारसायकलवरून फाट्यावर सोडलं. जाताना त्यांनी भाकरी आणि उरलेलं कढण डब्यात मागून घेतलं. मी दिलं.

गॅस त्याच दिवशी गेला. थोरल्यानं नेला, कारण त्यांचा सिलिंडर संपत आला होता. पेंडीची पोती त्याच्याच खोलीत राहिली. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती रिकामी कळशी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मटकी भिजवायचीय. तुमच्यातलं आडाचं पाणी द्या थोडं."

"कोणत्या हंड्यातलं?"

"मला काय म्हाईत, तुमचे हंडे."

मी तिला दाखवलं. बोअरच्या हंड्यावर मी चुन्यानं मोठी फुली मारली आहे, आंधळ्यालाही दिसेल एवढी. ती बघून हसली. हसू दे. मला विसर पडतो म्हणून फुली मारली. वाकळ मात्र माझ्या खोलीतच आहे, आणि धोंडा लागला तरी ती तिथंच असणार.